डोळ्यांखालचं काळं आणि १५ मिलीची ट्यूब

आयब्रो करताना पार्लरवालीचा चेहरा आपल्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो. पापणी आपणच ताणून धरलेली, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि नेमकं तेव्हा वरून वाक्य येतं, ‘ताई, अंडर-आय फार डार्क झालंय हां तुमचं. काही लावत नाही का?’ घाटकोपर असो, मुलुंड असो की बोरिवली, हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई उपनगरात विरळाच. पुढचा सल्ला मात्र आपण कुठे उभ्या आहोत त्यावर बदलतो. पार्लरमध्ये फेशियलचं पॅकेज, मेडिकलच्या काउंटरवर १५ मिलीची ट्यूब, घरी आईकडून बटाट्याचा कीस, ऑफिसातल्या मैत्रिणीकडून व्हिटॅमिन सीचं सीरम, आणि स्किनच्या डॉक्टरांकडे गेलं तर कदाचित आधी रक्ताची तपासणी. हे सगळे एकाच काळ्या वर्तुळाबद्दल बोलताहेत असं आपण धरून चालतो. निम्मा घोळ तिथेच आहे.

आय क्रीमनं काळी वर्तुळं आणि सूज कमी होते का, याबद्दल आज काय माहीत आहे आणि कुठे मतं फुटतात, ते इथे क्रमानं पाहू.

काजळाच्या डबीपासून ट्यूबपर्यंत

डोळ्यांभोवती काही लावायची कल्पना कंपन्यांनी आणलेली नाही. घरी धरलेलं काजळ, दुधाची साय, बदामाचं तेल, गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस हे सगळं आधीपासून होतंच. आयुर्वेदात वांगासाठी केशरयुक्त कुंकुमादी तेल सांगितलं आहे, आणि आज तेच तेल छोट्या बाटल्यांत ‘अंडर-आय’च्या फळीवरही दिसतं.

बाजाराची गोष्ट त्यामानानं अलीकडची, आणि तिचा मोठा भाग मुंबईतच घडलेला. १९५२ साली परळमध्ये विको कंपनी सुरू झाली. पुढे डोंबिवलीत तिचा कारखाना उभा राहिला. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आलं. ते बनवणाऱ्या हिंदुस्तान युनिलिव्हरचं मुख्यालय आज अंधेरी पूर्वेला चकाल्यात आहे, आणि २०२० मध्ये कंपनीनं त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढून टाकला. गोरेपणा हा शब्द अवघड होत गेला तशी ‘ब्राइटनिंग’, ‘ग्लो’, ‘करेक्टर’ ही भाषा पुढे आली. डोळ्यांखालची ट्यूब या भाषेत चपखल बसते, कारण तिथलं काळं घालवणं म्हणजे गोरं होणं नव्हे, ‘फ्रेश’ दिसणं, असं म्हणायची सोय आहे.

विकोच्या हळदीच्या क्रीमवरून अबकारी खात्याशी झालेला वाद इथे आठवतो. क्रीम हे प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, एवढाच मुद्दा. पण कर त्यावर ठरणार होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि औषध असल्याचं कंपनीचं म्हणणं टिकलं. आय क्रीमच्या बाबतीत बहुतेक कंपन्यांना याच्या उलट हवं असतं. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा प्रसाधनाची व्याख्या करतो ती स्वच्छता, सौंदर्य आणि रूपात बदल यांभोवती. ओळखीच्या घटकांचं प्रसाधन विकायला औषधासारखी गुण सिद्ध करणारी चाचणी लागत नाही. म्हणून ट्यूबवर बहुधा ‘काळी वर्तुळं कमी दिसतात’ असं असतं, ‘बरी होतात’ असं नसतं. ‘दिसतात’ हा शब्द वकिलानं तपासून घेतलेला असणार, असं मला नेहमी वाटतं.

वैद्यकशास्त्रानं या विषयाकडे बराच काळ कानाडोळा केला. १९६९ साली गुडमन आणि बेल्चर या अमेरिकी डॉक्टरांनी डोळ्यांभोवतीच्या काळेपणावर एक निबंध लिहिला, तेव्हा शीर्षकातच तो ‘दुर्लक्षित आनुवंशिक विकार’ असल्याचं म्हटलं होतं. एका घराण्यात आजीपासून नातीपर्यंत तेच डोळे दिसतात, हे आपल्याकडच्या लग्न जुळवणाऱ्या बायकांना त्याआधीच ठाऊक असणार.

काळं एक नाही, निदान चार

त्वचारोगतज्ज्ञ आता ढोबळमानानं चार गट करतात. पहिला रंगद्रव्याचा: त्वचेतच मेलॅनिन जास्त, रंग तपकिरी. दुसरा रक्तवाहिन्यांचा. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यातून खालच्या नीलवाहिन्या आणि स्नायू झिरपल्यासारखे दिसतात, रंग निळसर-जांभळट. तिसरा रचनेचा, म्हणजे नुसती सावली: डोळ्याखालची चरबी पुढे आली किंवा गालाचा भाग ओसरला की मधे खळगा पडतो आणि वरून येणाऱ्या उजेडात तो काळा दिसतो. चौथा मिश्र, आणि वय वाढतं तसे बहुतेक जण हळूहळू त्यात जमा होतात.

ओळखायची रीत साधी आहे. दिवसाच्या उजेडात खिडकीशी उभं राहून खालच्या पापणीची त्वचा बोटानं हलकेच ताणायची. तपकिरी रंग तसाच राहिला तर रंगद्रव्य; जांभळी झाक गडद झाली तर रक्तवाहिन्या; मान वर करून उजेड समोरून घेतल्यावर काळं नाहीसं झालं तर सावली. डॉक्टर याच्या जोडीला वूड्‌स लॅम्प नावाचा अतिनील दिवा वापरतात, त्यात रंगद्रव्य वरच्या थरात आहे की खोल ते कळतं.

या विषयातली भारतीयांच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची आकडेवारी इथूनच सुरू होते. सिंगापूरच्या २०० रुग्णांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तवाहिन्यांचा प्रकार सर्वाधिक, ४१.८ टक्के, घडणीनंच, म्हणजे मुळातल्या रंगद्रव्यामुळे असणारा काळेपणा ३८.६ टक्के. पण वंशानुसार पाहिलं तर चिनी लोकांत रक्तवाहिन्यांचा प्रकार जास्त होता आणि भारतीयांत घडणीचा. २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’त शेठ, शाह आणि दवे यांचा २०० भारतीय रुग्णांचा अभ्यास आला. त्यात घडणीचा प्रकार ५१.५ टक्के, आणि खाज, पुरळ, चोळणं यानंतर मागे राहणारा काळेपणा २२.५ टक्के. रुग्णांत ८१ टक्के स्त्रिया होत्या, निम्म्याच्या आसपास मंडळी १६ ते २५ वयाची, आणि ६३ टक्के जणांच्या घरात तोच इतिहास होता.

आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात आहे. रुग्ण स्त्रियांत गृहिणी सर्वाधिक होत्या. आपलं काळं लोकलनं आणि लॅपटॉपनं आलंय अशी खात्री असलेल्या आम्हा नोकरदार बायकांना हे पटायला जड जातं. अर्थात दवाखान्यात येणारी माणसं म्हणजे गावातली सगळी माणसं नव्हेत. सकाळच्या ओपीडीला येणं कोणाला जमतं, हाही प्रश्न आहेच.

मूळ कारणाबद्दलही एकमत नाही. कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका गटानं २००७ मध्ये असं मांडलं, की हा काळेपणा बऱ्याचदा स्वतंत्र विकार नसतोच, चेहऱ्यावर निसर्गतः असणाऱ्या रंगसीमारेषेचा तो डोळ्यापर्यंत आलेला भाग असतो. हे मान्य केलं तर आपण ज्याला डाग म्हणतो तो चेहऱ्याचा नकाशाच ठरतो. दुसरीकडे काही डॉक्टर मानेवरच्या मखमली काळेपणाशी, म्हणजे इन्सुलिनच्या तक्रारीशी त्याचं नातं तपासायला सांगतात. काचबिंदूवरचे काही थेंबही पापण्या काळ्या करतात, हे अनेकांना माहीत नसतं.

सूज हा वेगळा मामला

सकाळी उठल्यावर डोळे फुगलेले आणि दुपारपर्यंत ठीक, तर ते पाणी. डोळ्याभोवतीची ऊती सैल असते, रात्रभर आडवं राहिल्यावर तिथे द्रव साठतो. आदल्या रात्रीचं खारट खाणं, रडणं, सर्दी आणि ॲलर्जी त्यात भर घालतात. दिवसभर तशीच राहणारी पिशवी मात्र चरबीची असते. तिला क्रीम लागू पडत नाही, याबद्दल फारसं दुमत नाही. तिथे शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. आणि सूज रोजची, पायांवरही, लघवीला फेस येणारी असेल तर मूत्रपिंड किंवा थायरॉइड तपासायचं, मेडिकलवाल्याला विचारत बसायचं नाही.

ट्यूबच्या आत

सर्वाधिक गाजणारा घटक कॅफिन. ते रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून सूज आणि जांभळेपणा दोन्हींवर चालावं, असा तर्क. थायलंडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये ३४ जणांवर कॅफिनचं जेल आणि कॅफिन नसलेलं तेच जेल, अशी तुलना केली. सूज दोन्हींनी उतरली. कॅफिनचा वेगळा, ठळक फायदा फक्त सुमारे २३.५ टक्के जणांत दिसला. बाकीच्यांत काम केलं ते जेलच्या गारव्यानं, असा त्यांचा निष्कर्ष. फ्रीजमधला चमचा डोळ्यावर ठेवणाऱ्या आत्याला यात नवल वाटणार नाही. पण कॅफिनवाले म्हणतात, चौथ्या हिश्शाला फरक पडला हेही काही कमी नाही, आणि मात्रा व जेलची घडण बदलून तो वाढू शकतो. हेही न्यायानं नोंदवायला हवं.

दुसरा घटक व्हिटॅमिन के. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी ५७ निरोगी प्रौढांना २ टक्के व्हिटॅमिन के आणि सोबत रेटिनॉल, सी, ई असं जेल आठ आठवडे लावायला दिलं. ४७ टक्के जणांत साचलेल्या रक्ताचा जांभळेपणा कमी झाला. दिलासादायक आकडा, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि चार घटकांपैकी कोणी काम केलं ते वेगळं काढता येत नाही.

आता वरची आकडेवारी आठवा. हा सारा पुरावा प्रामुख्यानं सुजेचा आणि जांभळ्या काळ्याचा आहे. भारतीय रुग्णांत मात्र जास्त आढळतं ते तपकिरी, घडणीचं किंवा चोळण्यातून आलेलं. चाचणी एका काळ्याची आणि ट्यूब दुसऱ्या काळ्यावर, असं अनेकींच्या आरशात घडत असतं. माझ्या मते या वादात सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा हाच आहे.

तपकिरी काळ्यासाठी नायसिनामाइड, व्हिटॅमिन सी, कोजिक ॲसिड, रेटिनॉल हे घटक वापरतात. रंगद्रव्य बनण्याच्या किंवा पसरण्याच्या वाटेत ते आडवे येतात, आणि गालावरच्या वांगात त्यांचा काही उपयोग दिसलेला आहे. पण रंगद्रव्य खोल थरात असेल तर वरून लावलेलं तिथपर्यंत फारसं पोचत नाही. २०१४ च्या त्या अभ्यासात वूड्‌स लॅम्पखाली बहुसंख्य रुग्णांचं काळं खोलातलंच निघालं होतं. शिवाय रेटिनॉलनं पापणी चुरचुरते, सोलते, आणि सावळ्या त्वचेत जळजळीच्या मागे काळेपणा राहतो. काळं घालवायला आणलेली ट्यूब काळं वाढवून जाते ती अशी. डॉक्टर म्हणूनच आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात करायला सांगतात, आणि गरोदरपणात रेटिनॉल वर्ज्य करतात.

पेप्टाइड्स या घटकांबद्दल बोलायचं तर उपलब्ध चाचण्यांतल्या बऱ्याच उत्पादकांच्याच आहेत. आणि लावल्याबरोबर जो उजळपणा दिसतो तो बहुधा क्रीममधल्या अभ्रकासारख्या चकाकणाऱ्या कणांचा. ती फसवणूक म्हणता येणार नाही, कन्सीलरही तेच करतो; फक्त त्याला उपचार म्हणू नये.

वेगळं क्रीम लागतं का?

एक पक्ष म्हणतो, लागतं. इथली त्वचा पातळ, तेलग्रंथी कमी, डोळा जवळ; चेहऱ्याच्या क्रीममधला सुगंध आणि आम्लं इथे झोंबतात, म्हणून सौम्य, नेत्रतज्ज्ञांकडून तपासलेलं वेगळं मिश्रण हवं. दुसरा पक्ष म्हणतो, सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर तेच करतं. कोरडी त्वचा भरली की बारीक रेषा आणि मळकटपणा आपोआप कमी दिसतो, आणि आय क्रीमच्या यशाचा मोठा वाटा या ओलाव्याचाच असतो. भाव ग्रॅमनं काढून पाहिला तर हा दुसरा पक्ष खिशाला बरा वाटतो. तिसरं मत दोघांत वाद न घालता सनस्क्रीनकडे बोट दाखवतं: ऊन रंगद्रव्य वाढवतं, आणि रिक्षात बसून स्टेशन गाठणारी बाई डोळ्यांखाली सनस्क्रीन लावत नाही कारण ते डोळ्यांत जातं. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन त्यामानानं कमी झोंबतं. या तिसऱ्या मताशी पहिले दोघेही सहमत असतात, तरी पार्लरमध्ये ते क्वचितच ऐकू येतं.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. काकडी आणि थंड चहापिशवी सुजेवर चालते, मुख्यतः गारव्यामुळे. बटाट्याच्या रसानं रंग उजळतो याला भक्कम आधार नाही. लिंबू डोळ्यांखाली लावू नये. इथे मतभेद नाहीत.

दवाखान्यातले पर्याय

अंधेरी-बोरिवलीच्या लिंक रोडवर, मुलुंडच्या स्टेशनबाहेर स्किन क्लिनिकच्या पाट्या आता दंतवैद्यांइतक्याच दिसतात. तिथे केमिकल पील, लेझर, रक्तातल्या प्लाझ्माची इंजेक्शनं आणि खळग्यात भरायचं हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर मिळतं. समर्थकांचं म्हणणं, कारणानुसार उपाय निवडला तर क्रीमपेक्षा खात्रीचा फरक इथेच. सावलीच्या काळ्याला तर फिलर किंवा शस्त्रक्रियेखेरीज फारसा इलाज नाही. सावध डॉक्टर आठवण करून देतात, की लेझर आणि पील सावळ्या त्वचेवर चुकले तर नवा डाग देतात, आणि डोळ्याजवळचं फिलर रक्तवाहिनीत गेलं तर क्वचित दृष्टीही जाते. घडणीच्या काळ्यात फरक पडला तरी तो टिकवायला पुन्हा पुन्हा बसावं लागतं.

जे लावलं जातं, पण आय क्रीम नसतं

महाराष्ट्राच्या दृष्टीनं सर्वांत गंभीर भाग हा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन स्टेरॉइड यांची तिहेरी क्रीमं वर्षानुवर्षं गोरेपणासाठी आणि डोळ्यांखाली लावली गेली. २०११ च्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडचं क्रीम चेहऱ्याला लावत होते. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, सोडलं की भडका उडतो. पापणीवर ते बराच काळ राहिलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत घातली.

दुसरा धोका पाऱ्याचा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच कुटुंबातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडाच्या आजाराचा माग परळच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत एका चेहऱ्याच्या क्रीमपर्यंत पोचला. त्यात पारा सापडला. पुढच्या वर्षी केरळमधल्या डॉक्टरांनी एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; त्यांतले १५ एका प्रकारचे, आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळवणारी क्रीमं वापरत होते. ही आय क्रीमं नव्हेत. पण गालाला लावलेलं बोट डोळ्याखालीही फिरतं. नियमातली एक विसंगती इथे बोचते: २०२० च्या भारतीय नियमांत इतर प्रसाधनांत नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा दशलक्ष भागांत एक, पण केवळ डोळ्यांसाठीच्या प्रसाधनांत टिकवणद्रव्य म्हणून सत्तरपर्यंत मुभा ठेवलेली होती. पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ मध्ये पारा घातलेली सगळीच प्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायचं ठरवलं, आणि भारत त्या करारात आहे.

झोप, रक्त आणि जे अजून सुटलेलं नाही

झोपेचा संबंध लोकसमजुतीइतका सरळ नाही, पण खोटाही नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दहा जणांचे फोटो नीट झोपेनंतर आणि ३१ तासांच्या जागरणानंतर काढले, आणि ४० जणांना दाखवले. जागलेल्या चेहऱ्यांत त्यांना डोळे जास्त सुजलेले आणि खालची वर्तुळं जास्त काळी वाटली. म्हणजे जागरणानं काळं गडद दिसतं, निदान त्या दिवसापुरतं. वर्षानुवर्षांच्या अपुऱ्या झोपेनं ते कायमचं बसतं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. २०१४ च्या भारतीय अभ्यासात ४० टक्के रुग्णांची झोप अपुरी होती. पण मुंबईत झोप पुरेशी असलेली माणसं तुलनेला आणायची कुठून?

रक्तक्षयाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. चेहरा फिकट पडला की डोळ्यांखालचा रंग उठून दिसतो, हे पटण्यासारखं आहे. मात्र जिथे निम्म्या बायकांना रक्तक्षय आहे, तिथे काळी वर्तुळं असलेल्यांतही निम्म्यांना तो सापडणारच. त्यावरून कार्यकारण ठरत नाही. हिमोग्लोबिन तपासायचं ते वर्तुळांसाठी नव्हे, हिमोग्लोबिनसाठी.

उरतो मोजमापाचा प्रश्न. काळेपणा मोजायचा कशानं? फोटोत उजेडाचा कोन बदलला की सावली बदलते, डॉक्टरांच्या नजरेच्या श्रेणी माणसागणिक वेगळ्या, आणि रुग्णाचं समाधान ट्यूबच्या किमतीनुसार हलतं. चाचण्या बहुतेक छोट्या, दोन-तीन महिन्यांच्या, आणि प्रकार न वेगळे करता सगळ्या काळ्यांची सरसकट सरासरी काढणाऱ्या. खरं तर या विषयाला निसर्गानंच एक सोय दिली आहे: डोळे दोन. एकाखाली घटक असलेलं क्रीम, दुसऱ्याखाली नुसता बेस. दोघांची झोप तीच, मीठ तेच, ऊनही जवळपास तेच. घरीही करता येईल असा हा प्रयोग आहे, रोज त्याच वेळी त्याच खिडकीशी फोटो काढून. रंगद्रव्यात फरक दिसायला डॉक्टर आठ ते बारा आठवडे सांगतात. एवढे दिवस एक डोळा तसाच ठेवायला तयार होणारी बाई मला अजून भेटलेली नाही. माझी ट्यूब मीही दोन्हीकडे लावते.